ज्याचा गुण, त्याच्या गळ्यात

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या किंवा घोडबंदर रोडवरच्या बऱ्यापैकी कंपनीत वर्षातून एकदा कार्यशाळा होते. बाहेरून एक प्रशिक्षक येतो. त्याच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या असतात, हातात क्लिकर असतो आणि पहिल्या दहा मिनिटांत तो सगळ्यांना खुर्च्या गोलाकार मांडायला लावतो. मग कोरे कागद वाटले जातात. वर मथळा असतो, ‘माझी पाच बलस्थानं’. डोंबिवलीहून आलेला मध्यमवयीन कर्मचारी त्या कागदाकडे आयकर खात्याची नोटीस आल्यासारखा बघत बसतो. शेवटी शेजाऱ्याच्या कागदावरून ‘टीम प्लेअर’ आणि ‘मेहनती’ ही दोन उतरवून घेतो, तिसरं ‘प्रामाणिक’ असं आपल्या मनाचं लिहितो आणि चहा कधी येणार याची चौकशी करतो.

याच माणसाने त्या दिवशी सकाळी काय काय केलेलं असतं? डोंबिवलीच्या फलाटावर दुसऱ्या वर्गाच्या डब्याचं दार नेमकं कुठल्या खांबासमोर येणार हे त्याने चार जणांना सांगितलेलं असतं आणि दार तिथेच आलेलं असतं. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने एका आजोबांचा दंड, अशा अवस्थेत तो आत शिरलेला असतो. ‘धक्का का मारला’ यावरून हमरीतुमरीवर आलेल्या दोन अनोळखी माणसांना त्याने मुंब्रा यायच्या आत एकमेकांच्या मुलांच्या दहावीचे मार्क विचारायला लावलेलं असतं. अंदाज, नियोजन, करुणा, मध्यस्थी. इतके गुण एका माणसात दिसले तर व्यवस्थापनाची पुस्तकं त्याच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहितील. पण कागदावर यातलं काहीच येत नाही, कारण हे गुण आहेत हे त्याच्या गावीही नसतं. त्याच्या लेखी तो नुसता कामाला आलेला असतो.

गुण मोजण्याचं शास्त्र आता बरंच पुढे गेलं आहे. डोनाल्ड क्लिफ्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या उणिवा दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्याला काय चांगलं जमतं ते शोधा, असा आग्रह धरला. त्यातून गॅलप कंपनीची प्रश्नावली तयार झाली आणि तिने माणसाच्या बलस्थानांचे ३४ प्रकार ठरवले. पुढे २००४ साली ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी जगभरच्या परंपरा चाळून स्वभावातल्या २४ सद्गुणांची यादी केली. या दोन्ही याद्यांमध्ये ‘लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर बसून झोपता येणं’ हा गुण नाही. यावरून हे दोन्ही अभ्यास कल्याणपर्यंत आले नसावेत, असं मानायला जागा आहे.

व्यवस्थापनशास्त्राचे भीष्माचार्य पीटर ड्रकर यांनी १९९९ च्या एका गाजलेल्या लेखात सांगून ठेवलं आहे की आपल्याला काय चांगलं जमतं हे ठाऊक आहे असं बहुतेकांना वाटतं आणि बहुतेकांचं ते चुकतं. त्यावर त्यांचा उपाय असा की मोठा निर्णय घेताना काय घडेल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ ते बारा महिन्यांनी प्रत्यक्षात काय घडलं ते ताडून पाहायचं. पद्धत उत्तम आहे. डोंबिवलीत मात्र हे काम समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू करतात आणि त्या नऊ महिने थांबत नाहीत.

इथे गुण दुसराच कोणीतरी ओळखतो. त्याची पहिली प्रयोगशाळा म्हणजे लोकलचा डबा.

रोजच्या ठरलेल्या गाडीला ठरलेल्या डब्यात ठरलेल्या खिडकीपाशी जमणारा ‘ग्रुप’ ही मध्य रेल्वेवरची सर्वांत जुनी स्वयंसेवी संस्था. तिला घटना नाही, नोंदणी नाही आणि निवडणूकही नाही, तरी कामाची वाटणी अशी चोख की एखाद्या बहुराष्ट्रीय कंपनीने धडा घ्यावा. एक जण डोंबिवलीहून उलटा कल्याणला जातो आणि तीच गाडी पकडून बसून परत येतो. त्याच्याकडे कल्याणपर्यंतचा पास असतो, चपळाई असते आणि मुख्य म्हणजे घरी पंधरा मिनिटं आधी निघू देणारी बायको असते. दुसरा गाडी पकडायला फलाटावर येतो तोच मुळी बातम्या घेऊन. कुठली गाडी किती मिनिटं मागे आहे, दिव्याला काय झालंय, ठाण्याला कोण उतरणार हे त्याला इंडिकेटरच्या आधी कळतं. तिसरा भांडणांचा प्रमुख. तो एरवी मराठीच बोलतो, पण समोरचा ऐकेनासा झाला की त्याची हिंदी अशी काही उसळते की समोरचा व्याकरणाच्या धक्क्यानेच सरकून बसतो. चौथ्याकडे खाऊ असतो, पाचव्याकडे दसऱ्याची वर्गणी, फुलांच्या माळा आणि डब्यात लावायची देवीची तसबीर. सहावा टाळ काढतो. सातवा काहीच करत नाही, वाटभर झोपतो, पण दादर यायच्या बरोबर एक मिनिट आधी डोळे उघडून सगळ्यांना उठवतो. म्हणजे ग्रुपमध्ये त्याचंही खातं आहेच.

या सात जणांना कोणी मुलाखत घेऊन नेमलेलं नाही. गर्दीने त्यांना नेमलं. पहिल्या आठवड्यात कोण कुठे कामाला येतो हे दिसलं आणि ते काम त्याच्याकडे गेलं. यातली सर्वांत शहाणी चाल म्हणजे आलटापालट. कल्याणहून बसून आलेला ठाण्याला किंवा घाटकोपरला उठतो आणि उभ्याने आलेल्याला जागा देतो. बसणं हा कोणाचाच कायमचा हक्क नाही, हे तत्त्व देशाच्या राजकारणात अजून रुजायचं आहे. दुसऱ्या वर्गाच्या बाकावर ते रोज सकाळी पाळलं जातं.

दुसरी प्रयोगशाळा उघड्यावर, रस्त्याच्या मधोमध भरते, गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी. दहीहंडीच्या नकाशात ठाण्याचा मान मोठा. टेंभी नाक्याची हंडी तर शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांच्यामुळे घराघरांत पोचली. १० ऑगस्ट २०१२ रोजी वर्तकनगरच्या संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या हंडीत जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावले. त्या मनोऱ्याची उंची १३.३४ मीटर भरली आणि तिची गिनीज बुकात नोंद झाली. पुढे २०२५ मध्ये कोकण नगर गोविंदा पथकाने दहा थर लावले, तेही ठाण्यातच. जोगेश्वरीच्या माणसाला आपली उंची कळायला ठाण्याला यावं लागतं, ही गोष्ट ठाणेकर अतिशय नम्रपणे, दिवसातून दोनतीनदाच सांगतात.

गोविंदा पथकात ‘तुझं बलस्थान काय?’ असं विचारायची पद्धत नाही. बऱ्याच पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. नवा मुलगा आला की त्याच्या खांद्यावर एक माणूस चढवतात आणि बघतात. पाय लटपटले का, मान ताठ राहिली का, ओरडला का. बस्स, एवढीच प्रश्नावली. भरीव खांद्याचे, जमिनीत रोवल्यासारखे उभे राहणारे खाली जातात. मधल्या थरांत वजन पेलणारे आणि वजन देणारे असे दुहेरी गुणाचे लोक लागतात. नोकरीत मधल्या फळीवर काम केलेल्या कोणालाही ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. सगळ्यात वर एकेकट्याने उभे राहणारे एक्के. वजन कमी, भीती त्याहून कमी आणि घरच्यांना कल्पना सर्वांत कमी.

स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच मानवी मनोरे रचतात. युनेस्कोने २०१० मध्ये त्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथले लोक मनोऱ्यासाठी चार गुण मोजतात, ताकद, तोल, हिंमत आणि शहाणपण. आपल्याकडे हे चारही आहेतच. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देताना त्यात विम्याची भर घातली आणि त्याआधी उच्च न्यायालयात १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवणार नाही, अशी हमीही दिली. चौथ्या क्रमांकाच्या गुणाची सोय अशी सरकारदरबारी करून ठेवलेली बरी असते.

हंडीची जवळून पाहण्यासारखी जागा म्हणजे तळ. सगळे मोबाइल वर वळलेले असतात, तेव्हा खालच्या माणसाच्या डोळ्यांसमोर फक्त शेजाऱ्याची मान असते. तीही घामाने चमकणारी. त्याला हंडी दिसत नाही, एक्का दिसत नाही, व्यासपीठावरची नटी तर अजिबात दिसत नाही. वर काय चाललंय हे त्याला खांद्यावरच्या टाचांच्या दाबावरून कळतं. दाब डावीकडे सरकला की तो कंबर किंचित उजवीकडे घेतो. सलामी झाली हे त्याला बाहेरच्या आरोळीवरून समजतं आणि त्या आरोळीनंतरच त्याचं खरं काम सुरू होतं, कारण थर चढवण्याइतकंच ते उतरवणं अवघड. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो तो वरच्या तीन थरांचा. खालचा गडी तो फोटो घरी दाखवतो आणि चौकटीच्या बाहेर बोट ठेवून सांगतो, “मी इथे आहे.”

या खेळात बढतीचा प्रवासही उलटा आहे. कचेरीत माणूस वय वाढेल तसा वर सरकतो. गोविंदा पथकात वय वाढेल तसा खाली येतो. पंधराव्या वर्षी टोकावर असलेला पोरगा विशीत मधल्या थरात दिसतो, पुढे लग्न, नोकरी आणि वडापाव यांच्या एकत्रित परिणामाने तळाला पोचतो. चाळिशीनंतर तो शिट्टी घेऊन बाहेर उभा राहतो आणि आत असलेल्यांपेक्षा जास्त घाम गाळतो. म्हणजे पथकाला दर पावसाळ्यात माणसं नव्याने जोखावी लागतात. गेल्या वर्षीचा एक्का चार किलोंनी वाढला असेल तर त्याचा कितीही मान असला तरी त्याला खाली उतरवतात. त्याच्या भावना दुखावतात, पण खालच्या सात जणांचे खुबे शाबूत राहतात.

आता हे शहाणपण रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत शिरत का नाही, हा खरा प्रश्न आहे.

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात एकदा गुण ओळखला गेला की तो माणसाच्या गळ्यात पडतो, आणि गळ्यात पडलेला गुण सहसा उतरत नाही. एखाद्या सुनेने लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत उकडीचे मोदक नीट केले, पारी पातळ आणि कळ्या एकसारख्या पाडल्या, तर तिचं पुढच्या तीस वर्षांचं भाद्रपदातलं वेळापत्रक तिथेच पक्कं झालं. तिच्या धाकट्या जावेने मात्र पहिल्याच वर्षी तीन मोदक फोडून “मला नाही बाई जमत” असं जाहीर केलेलं असतं. ही धाकटी जाऊ पुढे एखाद्या कंपनीत दीडशे माणसांचा विभाग सांभाळते. तिला पारी जमत नाही यावर घरातल्या सासऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचा विश्वास आहे. आपल्यात कोणता गुण नाही हे वेळेवर जाहीर करणं, हे गॅलपच्या यादीतलं ३५ वं बलस्थान व्हायला हरकत नाही.

गंमत म्हणजे मोठ्या सुनेची तारीफ कमी होत नाही, वाढतच जाते. “तुमच्या हातचे मोदक म्हणजे काय विचारता!” हे वाक्य ऐकू आलं की तिने ओळखावं, यंदा आकडा २१ वरून ५१ वर गेलेला आहे. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं हा आपल्याकडचा सर्वांत जुना मनुष्यबळ विकास कार्यक्रम आहे.

डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि मग ती प्रथा गावोगाव गेली. त्या यात्रेच्या तयारीतही गुणांची हीच वाटणी चालते. सुबक अक्षर असलेला माणूस फलक लिहितो, म्हणजे दरवर्षी तोच लिहितो. संस्कारभारतीची रांगोळी काढणाऱ्या बायका पहाटेपासून रस्त्यावर ओणव्या असतात, म्हणजे दरवर्षी त्याच असतात. ढोलपथकात ज्याला ताल आहे त्याला ढोल, हाताला झपाटा आहे त्याला ताशा आणि दोन्ही नाही त्याला ध्वज मिळतो. ध्वजाचं वजन फडके रोडच्या पहिल्या वळणावर लक्षात येतं. पुढच्या वर्षी त्या मुलाला चमत्कार झाल्यागत ताल आलेला असतो.

व्याख्यानमालांचं तर विचारूच नका. तीनही शहरांत व्याख्यानं भरपूर आणि ठाण्याला १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय, कल्याणला १८६४ पासूनचं सार्वजनिक वाचनालय, अशी ऐकून घ्यायची परंपरा जुनी. डोंबिवलीने २०१७ मध्ये ९० वं अखिल भारतीय साहित्य संमेलनही भरवून दाखवलं. अशा गावांत आभारप्रदर्शन करणाऱ्या माणसाचं स्थान वेगळंच असतं. कधीतरी वीस वर्षांपूर्वी ठरलेला माणूस आला नाही म्हणून याला उभं केलेलं असतं. हा बरा बोलला. तेव्हापासून तो आभारच मानतो आहे. वक्त्याचे, अध्यक्षांचे, ध्वनिवर्धकवाल्याचे, सतरंज्या घालणाऱ्यांचे, ‘पावसाने उघडीप दिली’ म्हणून पावसाचे. त्याच्याकडे एक स्वतंत्र व्याख्यान आहे, तेही चांगलं, पण ते मागायचं कोणाला सुचत नाही. तो आभारांचा माणूस आहे, हे ठरलेलं आहे.

या सगळ्याचा कळस सहकारी गृहनिर्माण संस्थेत पाहायला मिळतो. एखाद्या इमारतीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायला येतात. पहिल्याच महिन्यात ते देखभालखर्चाच्या पावतीतली अकरा रुपयांची चूक दाखवतात. झालं. त्या अकरा रुपयांच्या बदल्यात ते पुढची पंचवीस वर्षं खजिनदार होतात. लिफ्ट बंद पडली की त्यांना फोन, टँकरवाल्याला पैसे द्यायचे की त्यांना फोन, तिसऱ्या मजल्यावरची मांजर हरवली तरी त्यांनाच फोन, कारण चाव्या त्यांच्याकडे. दर सभेत ते म्हणतात, “आता कोणीतरी तरुणाने पुढे यावं.” सभेतले तरुण मोबाइलकडे बघतात. मागून आवाज येतो, “काका, तुमच्याइतकं बारकाईने कोण करणार?” टाळ्या पडतात. ठराव एकमताने मंजूर होतो.

नवे रहिवासी या प्रकाराने सावध झालेले आहेत. आपण चार्टर्ड अकाउंटंट आहोत हे ते दारावरच्या पाटीवर लिहीत नाहीत. स्थापत्य अभियंता गच्चीच्या गळतीवर चर्चा चालू असताना छताकडे अशा निरागस डोळ्यांनी बघतो की त्याने आयुष्यात सिमेंट पाहिलेलं नसावं. वकील ‘आमचं क्षेत्र वेगळं’ म्हणतो. तिसऱ्या मजल्यावरची निवृत्त मुख्याध्यापिका, जिच्या एका नजरेने अख्खी शाळा गप्प व्हायची, ती सभेत सर्वांत शेवटच्या खुर्चीवर बसून विणकाम करते. गुण दिसला की तो गळ्यात पडणार, हे तिला पुरतं ठाऊक आहे.

फ्रान्समध्ये मॅक्स रिंगेलमन नावाचे एक कृषी अभियंता होऊन गेले. त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला आणि १९१३ साली आकडे प्रसिद्ध केले. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना असतो त्याच्या निम्म्यावर येत होता. रिंगेलमनना चाळीस बिऱ्हाडांची इमारत पाहायला मिळाली असती तर त्यांची दोरीच तुटली असती. ठाण्याचं म्हणाल तर इथल्या रेल्वेची सुरुवातच सांघिक ओढण्याने झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून जी देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यात आली, तिचे १४ डबे साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढले. इतिहासाने तिघांना सारखंच श्रेय दिलं. त्यांतलं कोणतं इंजिन सभेत मागच्या खुर्चीवर बसलं होतं, हे आता कळायला मार्ग नाही.

हुशार माणसं एकत्र आणली की काम फत्ते होतं, ही समजूतही एका इंग्रज अभ्यासकाने मोडीत काढली आहे. मेरेडिथ बेल्बिन यांनी हेन्ली इथल्या व्यवस्थापन महाविद्यालयात वर्षानुवर्षं गटांचे खेळ लावून निरीक्षणं केली आणि १९८१ मध्ये पुस्तक लिहिलं. चाचण्यांत सर्वांत हुशार ठरलेल्यांना त्यांनी एका गटात घातलं आणि त्याला ‘अपोलो’ नाव दिलं. हे अपोलो गट जिंकायचे सोडून बहुतेकदा मागेच पडायचे, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या म्हणण्यातली चूक काढण्यात पटाईत आणि स्वतःचं म्हणणं सोडायला कोणीच तयार नाही. म्हणून बेल्बिन यांनी गटाला लागणाऱ्या भूमिका मांडल्या, त्या पुढे नऊ झाल्या. कल्पना काढणारा, ओळखीपाळखी असलेला, सगळ्यांना धरून ठेवणारा, हातातलं काम शेवटपर्यंत नेणारा वगैरे. डोंबिवली पूर्वेतल्या किंवा ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या इमारतीत चार निवृत्त अधिकारी, दोन प्राध्यापक, एक शास्त्रज्ञ आणि एक माजी न्यायाधीश राहत असतील, तर तिथल्या गच्चीची गळती हा अपोलो गटाचा जगातला सर्वांत दीर्घकाळ चाललेला प्रयोग समजावा. आठ मतं, नऊ अहवाल आणि दर जूनमध्ये तेच भिजत घोंगडं.

मग गुण बाहेर येतात तरी कधी? याचं उत्तर डोंबिवलीच्याच एका मुलाच्या गोष्टीत आहे.

अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला, तिथल्या एस. व्ही. जोशी शाळेत शिकला. रिक्षा परवडत नसे म्हणून आई त्याचं किट घेऊन त्याच्याबरोबर सरावाला चालत जायची. पुढे लहान वयातच क्रिकेटचं भलंमोठं किट घेऊन तो डोंबिवली ते सीएसटी लोकलने जाऊ लागला. एकट्याने पाठवल्यावरही वडील मागच्या डब्यातून लक्ष ठेवत येत, असं त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. गर्दीच्या वेळी किट घेऊन डब्यात चढणाऱ्या मुलाला डबाभर लोक काय काय म्हणतात, हे ज्याने ऐकलं आहे, त्याला ऑस्ट्रेलियातल्या प्रेक्षकांचं फारसं काही वाटू नये. तो शांत आहे, हा त्याचा गुण पुढे सगळ्यांनी वाखाणला. या शांतपणाचं थोडंफार प्रशिक्षण मध्य रेल्वेने दिलेलं असणार, पण तिने त्याचं श्रेय कधी मागितलं नाही.

१९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. कसोटीतली भारताची ती नीचांकी धावसंख्या. कर्णधार विराट कोहली अपत्यजन्मासाठी सुट्टीवर मायदेशी परतला आणि सूत्रं रहाणेकडे आली. मेलबर्नला त्याने पहिल्याच सत्रात अश्विनच्या हाती चेंडू दिला. ऑस्ट्रेलियात पहिल्या तासाच्या सुमाराला फिरकी आणायची नसते, हा जुना समज. अश्विनने वेड आणि शून्यावर स्मिथ, असे दोघे टिपले. रहाणेने स्वतः ११२ धावा केल्या. जडेजाच्या अर्धशतकासाठी चोरटी धाव घेताना तो धावबाद झाला, तेव्हा चिडायचं सोडून जडेजाची पाठ थोपटून तंबूत परतला. डोंबिवलीच्या बाकावर चौथ्या सीटसाठी सरकून घेताना चेहऱ्यावर असतात नेमके तेच भाव. भारत आठ गडी राखून जिंकला.

ब्रिस्बेनच्या शेवटच्या कसोटीपर्यंत मात्र संघाची अवस्था सप्टेंबरातल्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखी झाली होती. कर्तबगार कोणी हजरच नाही. शमी, उमेश यादव, राहुल, विहारी, जडेजा, अश्विन, बुमरा, एकेक करून सगळे जायबंदी. तिथल्या गाब्बा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरलेली नव्हती. भारताने उतरवलेल्या पाच गोलंदाजांकडे मिळून आधीच्या चार कसोट्यांचा अनुभव. त्यातले नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर कसोटीपुरते संघाला सराव द्यायला थांबलेले. पहिल्या डावात ६ बाद १८६ झाल्यावर सुंदर आणि पालघरचा शार्दुल ठाकूर फलंदाजीला एकत्र आले. दोघेही गोलंदाज म्हणून घेतलेले. त्यांनी १२३ धावांची भागी केली, शार्दुलने ६७, सुंदरने ६२. दुसऱ्या डावात सिराजने पाच बळी घेतले. १९ जानेवारी २०२१ ला पुजाराने अंगावर चेंडू झेलत २११ चेंडू उभं राहून दाखवलं आणि ऋषभ पंतने नाबाद ८९ करत ३२८ धावांचं लक्ष्य तीन गडी राखून गाठून दिलं. मालिका २-१ अशी खिशात आली. करंडक हातात आल्यावर रहाणेने तो थेट नटराजनच्या हातात दिला. मायदेशी परतल्यावर शेजाऱ्यांनी स्वागताला कांगारूची आकृती असलेला केक आणला, तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा मान राखायचा म्हणून तो कापायला त्याने नकार दिला.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की शार्दुलला फलंदाजी येते हे गाब्बाच्या आधी कोणाला माहीत नव्हतं असं नाही. ती करायची वेळ त्याच्यावर येत नव्हती. वरचे सहा सात जण खेळत होते तोवर त्याचा हा गुण डब्यात झाकून ठेवलेला होता. आणि रहाणेचं नेतृत्व तरी जगाला कधी दिसलं? कोहली सुट्टीवर गेला तेव्हा. म्हणजे गटाची वाढ व्हायची असेल तर कमी गुणवान माणसाला शिबिराला पाठवण्यापेक्षा सर्वांत गुणवान माणसाला कधीमधी घरी पाठवणं जास्त फायद्याचं ठरतं. गोविंदा पथक हे दर पावसाळ्यात करतं, लोकलचा ग्रुप रोज घाटकोपरला करतो. करत नाही ती फक्त आपली सोसायटी, आपली व्याख्यानमाला आणि आपलं स्वयंपाकघर.

तेव्हा वाचकांना एक विनंती. यंदाच्या गणपतीत मोठ्या वहिनींना सकाळी फडके रोडला फिरायला पाठवा आणि पारी धाकट्या जावेच्या हातात द्या. मोदक फुटतील, त्याला सारण बाहेर आलेले मोदक म्हणतात आणि ते चवीला तसेच लागतात. आभारवाल्या गृहस्थांना एकदा व्याख्यान द्यायला सांगा, आभार वक्त्याला मानू द्या. आणि सोसायटीच्या काकांना वर्षभर खजिनदारपदातून मोकळं करा. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, त्यामुळे हे करायला तारीख शोधायची गरज नाही. सभेत काका “आता कोणीतरी तरुणाने पुढे यावं” म्हणाले की टाळ्या वाजवायच्या नाहीत, “हो, या” एवढंच म्हणायचं, आणि चाव्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे द्यायच्या. त्या चार महिन्यांत थकबाकी वसूल करतील. हिशेबात अकरा रुपयांची चूक निघालीच तर ती शोधायला लेखापरीक्षक आहे. त्याची नेमणूक सहकार कायद्याने दरवर्षी करावीच लागते.